गाडीतला मॅप की मोबाईलचा? कोकणात निघायच्या आधी दोन्ही नीट लावून घ्या

गणपतीला कोकणात जायचं ठरलं की आमच्या घरी दरवर्षी एकच चर्चा, यंदा कुठल्या घाटाने उतरायचं. आम्ही पुण्याचे, बायकोचं माहेर गुहागरकडचं, त्यामुळे कधी उंब्रजला हायवे सोडून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असं जाणं होतं तर कधी ताम्हिणीने माणगावला उतरून महाड, खेड असं. माझ्या गाडीत कंपनीचं नेव्हिगेशन आहे, फोनमध्ये गूगल मॅप्स आणि मॅपल्स (मॅपमायइंडियाचं भारतीय मॅप ॲप) दोन्ही आहेत, आणि इतक्या वर्षांत हे सगळं वापरून जे कळलं ते लिहून काढतोय, कारण नवीन गाडी घेणारा प्रत्येक मित्र हेच विचारतो की नेव्हिगेशनवालं मॉडेल घेऊ का फोनवर भागेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. फक्त नेव्हिगेशनसाठी वरचं मॉडेल घेऊ नका, अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले, म्हणजे फोनवरचा मॅप गाडीच्या स्क्रीनवर दाखवायची सोय, चालणारा स्क्रीन असला की पुरे. पण गाडीत आधीच असेल तर ते पडून ठेवू नका, घाटात आणि बोगद्यात ते फोनपेक्षा जास्त कामाला येतं. दोघांना वेगवेगळं काम द्यायचं, ट्रॅफिक आणि पत्ता शोधणं फोनचं, रेंज नसलेल्या रस्त्यात सोबत गाडीतल्या मॅपची.

आता हे असं का ते. बऱ्याच लोकांना वाटतं की रेंज गेली म्हणजे जीपीएस गेला. तसं नसतं. जीपीएस सॅटेलाइटवर चालतो, चार सॅटेलाइटचे सिग्नल मिळाले की आपण कुठे आहोत हे फोनला कळतं, त्याला सिमकार्ड सुद्धा लागत नाही. रेंज गेल्यावर जातो तो मॅप, म्हणजे खालचं चित्र आणि नवीन रस्ता काढून देणं, कारण ते इंटरनेटवरून येत असतं. एका पावसाळ्यात ताम्हिणीच्या पुढे मी एक वळण चुकलो, फोनवर रिकाम्या पांढऱ्या स्क्रीनवर निळा ठिपका तेवढा पुढे सरकत होता, रस्ता काही दिसेना, धुकं असं की बोर्डही वाचता येईना, मागे दोन मुलं आणि आई. शेवटी गाडीतलं नेव्हिगेशन चालू केलं आणि त्याने दोन मिनिटांत मुख्य रस्त्याला आणलं. कारण त्याचा सगळा मॅप गाडीतच असतो, एसडी कार्डवर किंवा सिस्टीमच्या मेमरीत.

दुसरी गोष्ट बोगद्याची. बोगद्यात सॅटेलाइट दिसत नाही त्यामुळे फोन अंदाजाने चालतो, कधी बाण थांबतो, कधी वरच्या डोंगरावर दाखवतो. कंपनी फिटेड सिस्टीम बऱ्याच गाड्यांत चाक किती फिरलं आणि गाडी किती वळली हे सेन्सरवरून घेते त्यामुळे सिग्नल नसला तरी बाण बऱ्यापैकी बरोबर चालत राहतो. समृद्धीवरचा इगतपुरी ते कसारा बोगदा जवळपास 8 किलोमीटरचा आहे, मुंबईच्या कोस्टल रोडचा 2 किलोमीटरचा, तिथे हा फरक लगेच दिसतो. मॉलच्या बेसमेंट पार्किंगमधून बाहेर पडताना पण तेच, फोनला आपलं तोंड कुठे आहे ते कळायला वेळ लागतो आणि तोवर आपण चुकीच्या बाजूला वळलेलो असतो. कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटोवर काही गाड्या स्वतःचा जीपीएस फोनला देतात, तसं असेल तर फोनचा मॅपही जास्त स्थिर चालतो.

मग गाडीतलंच का नाही वापरायचं कायम? कारण त्याचा मॅप जुना होतो आणि आपल्याला ते कळतही नाही. पुण्यातला चांदणी चौक घ्या, ऑगस्ट 2023 मध्ये तिथले नवीन पूल आणि रॅम्प सुरू झाले, त्याआधीचा मॅप असेल तर तिथे त्याचं ऐकून उपयोग नाही. अटल सेतू जानेवारी 2024 चा, समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 चा. जुना मॅप घेऊन अटल सेतूवर चढलात तर स्क्रीनवर गाडी खाडीच्या पाण्यातून चाललेली दिसते आणि बाई सारखं सांगत राहते की यू टर्न घ्या.

म्हणून गाडीतल्या मॅपचं पहिलं काम, तो किती जुना आहे ते बघा. सेटिंगमध्ये सिस्टीम इन्फो किंवा मॅप व्हर्जन असं काहीतरी असतं, तिथे वर्ष लिहिलेलं असतं. जुना असेल तर कंपनीच्या साइटवर किंवा ॲपमध्ये आपल्या मॉडेलचं अपडेट आहे का बघा. बहुतेक वेळा पेनड्राइव्हवर किंवा त्याच एसडी कार्डवर डाउनलोड करून गाडीत लावायचं असतं, फाइल मोठी असते म्हणून घरच्या वायफायवरच करा, आणि पेनड्राइव्ह कुठल्या फॉरमॅटमध्ये हवा ते तिथे लिहिलेलं असतं ते नीट वाचा, नाहीतर गाडी तो ओळखतच नाही. अपडेट चालू असताना गाडी बंद करायची नाही. आणि एसडी कार्डवर मॅप असलेल्या गाडीतून ते कार्ड काढून कॅमेऱ्यात वगैरे घालू नका, फॉरमॅट झालं की मॅप गेला. काही गाड्यांत मॅप ऑनलाइन असतो, गाडीतल्या सिमवर, पहिली काही वर्षं फुकट आणि मग रिन्यू करावं लागतं, सेकंडहँड गाडी घेताना हे प्लॅन चालू आहे का संपलाय ते विचारूनच घ्या.

आता फोन. निघायच्या आदल्या रात्री ऑफलाइन मॅप डाउनलोड करा, याला माझ्या मते काहीही पर्याय नाही. गूगल मॅप्समध्ये वर उजवीकडे आपल्या फोटोवर टच करायचं, ऑफलाइन मॅप्स, मग स्वतःचा मॅप निवडा, आणि चौकोन ओढून पूर्ण रस्ता त्यात बसवायचा. इथे लोक एक चूक करतात, फक्त जायचं गाव डाउनलोड करतात. गाव नाही, मधला घाट लागतो. आमच्यासाठी पुण्यापासून गुहागरपर्यंत आणि खाली कराड, वर महाड असा सगळा पट्टा एकदम घेतो, म्हणजे घाट बदलायची वेळ आली तरी अडत नाही. ऑफलाइनमध्ये ट्रॅफिक दिसत नाही, दुसरे रस्ते सुचवत नाही, पण वळणं बरोबर सांगतो आणि चुकलात तर परत रस्त्यावर आणतो. घाटात तेवढंच हवं असतं.

आणि डाउनलोड केलेलं असलं तरी नेव्हिगेशन घरातूनच, रेंज असतानाच चालू करा. म्हणजे रूट ट्रॅफिक बघून निघतो. मध्ये चहाला थांबलात तर बंद करू नका, तसंच राहू द्या.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी बघा. एक, वाहनाचा प्रकार. भारतात गूगल मॅप्सला टू-व्हीलरचा वेगळा मोड डिसेंबर 2017 पासून आहे, एरवी बाइकवर वापरत असाल तर तो तसाच राहिलेला असतो आणि मग कार घेऊन तुम्ही अशा गल्लीत शिरता की आरसे मिटून सुद्धा निघता येत नाही. दोन, फेरी. दापोलीकडून गुहागरला यायचं तर मॅप दाभोळवरून धोपाव्याला जाणाऱ्या जंगलजेटीचा रस्ता देऊ शकतो, गाडी बोटीवर चढवून खाडी पार करायची. मला स्वतःला तो रस्ता फार आवडतो, मुलं तर त्याचीच वाट बघत असतात, पण रात्री उशिरा पोचलात तर बोट नाही आणि खाडीला वळसा घालून चिपळूणवरून यावं लागतं. रात्रीचा प्रवास असेल तर फेरी टाळा हा पर्याय चालू करून ठेवा. तीन, आवाज मराठी करून बघा. आई शेजारी बसलेली असेल तर तिलाही कळतं आणि ती लक्ष ठेवते, मला तरी याचा खरंच उपयोग झालाय.

पत्ता टाकताना गावाच्या नावावर जाऊ नका. शिरगाव घ्या, एक मावळात, एक चिपळूणजवळ, एक रत्नागिरीजवळ, एक देवगड तालुक्यात. सर्चमध्ये पहिलं जे येईल ते दाबून निघालात तर भलत्याच जिल्ह्यात पोचाल, म्हणून रूट निघाल्यावर आधी बोटांनी लहान करून पूर्ण रस्ता बघा, मधली गावं ओळखीची आहेत ना. आणि वाडीतल्या घराचं लोकेशन मागवताना पाठवणाऱ्याला सांगा की घराच्या अंगणात उभं राहून व्हॉट्सॲपवर करंट लोकेशन पाठव, बाजारात बसून नाही. गाडीच्या मॅपमध्ये अशी घरं सापडतच नाहीत, तिथे फोनवरच्या पिनचे अक्षांश रेखांशाचे आकडे टाकायची सोय बऱ्याच सिस्टीममध्ये असते, सर्चमध्ये कोऑर्डिनेट्स म्हणून शोधा. एकदा टाकून सेव्ह केलं की पुढच्या वर्षी तयार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मला कळकळीने सांगायचंय. मॅपला रस्ता आहे एवढं कळतं, तो आज चालू आहे का हे दरवेळी कळत नाही. जानेवारी 2021 मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री एक गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली आणि त्यात एकाचा जीव गेला, मॅप बघून जात होते अशा बातम्या होत्या. गावातल्या सगळ्यांना माहीत होतं की पाणी वाढलं की तो पूल बुडतो. जुलै 2025 मध्ये बेलापूरला पुलावरून जायच्या ऐवजी पुलाखालचा रस्ता धरून एक गाडी थेट खाडीत गेली, सागरी पोलिसांनी त्या बाईंना वाचवलं. पूल आणि त्याखालचा रस्ता मॅपवर एकावर एक असतात, जीपीएसला उंचीचा फरक धड कळत नाही, म्हणून पुलाच्या फाट्यावर मॅपच्या आधी रस्त्यावरचा बोर्ड वाचायचा. गूगल मॅप्सने 2024 मध्ये भारतात फ्लायओव्हर घ्या असं सांगणं सुरू केलंय, मॅपल्समध्ये मोठ्या जंक्शनचं चित्र दिसतं, त्याची मदत होते, पण चुकलंच तर सरळ पुढे जा, मागे रिव्हर्स घेऊ नका, मॅप दुसरा रस्ता देतो.

पावसाळ्यात घाटाचं आधी विचारा. भोरवरून महाडला उतरणारा वरंधा घाट मॅपवर छान दिसतो, पण दरड पडते म्हणून पावसाळ्यात तो वाहतुकीला बंद ठेवायचे आदेश निघतात. निघायच्या दिवशी सकाळची स्थानिक बातमी बघा, किंवा सरळ तिथल्या नातेवाईकाला फोन करा. आमचे सासरे चिपळूणच्या एसटी स्टँडवर चौकशी करून सांगतात की गाड्या कुठल्या घाटाने चालू आहेत, आणि एसटी ज्या रस्त्याने जाते तो रस्ता आमचा. मॅप वीस मिनिटं वाचतील म्हणून आडवाट दाखवत असेल आणि अंधार पडलेला असेल तर ती वीस मिनिटं सोडून द्या.

फोन कुठे लावायचा हेही बघायला हवं. 1 ऑक्टोबर 2020 पासूनच्या नियमांनुसार गाडी चालवताना मोबाईल फक्त रस्ता बघायला वापरता येतो, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने. म्हणजे हातात किंवा मांडीवर नाही, होल्डर हवा. काचेवर उन्हात लावू नका, ॲपल स्वतः सांगतं की आयफोन 0 ते 35 अंशांत वापरा, आपल्याकडे एप्रिल मे मध्ये डॅशबोर्ड त्याच्या कितीतरी वर तापतो आणि फोन स्क्रीन मंद करतो किंवा चार्जिंगच थांबवतो. एसी व्हेंटवरचा होल्डर उन्हाळ्यात बरा. वायरलेस अँड्रॉइड ऑटो आणि वायरलेस चार्जिंग दोन्ही एकदम चालवलं की फोन फार गरम होतो, लांबच्या प्रवासाला मी केबलच लावतो. केबल एक मीटरपेक्षा लहान आणि डेटा जाणारी हवी, पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या काही केबल नुसतं चार्ज करतात, त्यावर स्क्रीनला मॅप येतच नाही आणि माणूस उगाच गाडीला दोष देत बसतो.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर मात्र माझं मत थोडं बदलतं. गाडीतल्या सिस्टीमला बॅटरी किती उरलीय ते माहीत असतं, चढ धरून चार्जिंग कुठे करायचं ते काही गाड्यांत ती सांगते, फोनला ते सहसा जमत नाही. तिथे गाडीतलं आधी, आणि पुढचा चार्जर खरंच चालू आहे का ते फोनवरून बघा.

परतीच्या दिवशी आमच्याकडे अंगणात कधी कधी अजिबात रेंज नसते. तेव्हा घरातून निघताना काही लावत बसत नाही, शृंगारतळीला बाजारात गाडी बाजूला घेतो, रेंज येते, तिथे पुण्याचा रूट चालू करतो, घाटात काय परिस्थिती आहे ते एका फोनमध्ये विचारतो, गाडीतल्या मॅपमध्येही घर टाकून ठेवतो आणि मगच पुढे निघतो.