अक्कलदाढ दिसत नाही म्हणून पोरगा अल्पवयीन? वयाच्या दाखल्यातल्या या चुका टाळा

वय ठरवून घ्यायला पोलिसांचं पत्र घेऊन मुलगा येतो, दंतवैद्यकाचा नवा पोस्टग्रॅज्युएट टॉर्च मारून तोंडात बघतो आणि पाच मिनिटांत दाखला तयार: 'अक्कलदाढ उगवलेली नाही, सबब वय 18 च्या आत.' ते 'सबब' वाचलं की माझं डोकं फिरतं.

अक्कलदाढ साधारण 17 ते 25 मध्ये कधीही येते, काहींना जन्मभर येत नाही. हिरडीवर काय दिसतं ते सोडा, हाडात मूळ किती बनलंय ते बघा. पुण्यातल्याच एका प्रकरणातला असा दाखला माझ्याकडे दुसऱ्या मतासाठी आला होता. मुलगा अंगानं काटकुळा, खालची हिरडी मागं रिकामी. ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, काढला तर दोन्ही अक्कलदाढा पुढच्या दाढेला डोकं टेकवून आडव्या झोपलेल्या, आणि मुळांची टोकं पूर्ण बंद! दाताची वाढ मोजायच्या डेमिर्जियनच्या आठ टप्प्यांतला शेवटचा, 'एच'. एक्स-रे का नाही काढला, विचारलं. "सर, तिकडे लाइन होती." आता 'एच' म्हणजे 18 पूर्णच, असंही नाही, काहींची टोकं आधीच बंद होतात. मी 'बहुधा 18 च्या वर' एवढंच लिहिलं आणि मनगटाचा एक्स-रे जोडायला लावला.

दुसरं खूळ नेमक्या आकड्याचं. '17 वर्षे 4 महिने'! डेमिर्जियनचा 1973 चा तक्ता फ्रेंच-कॅनेडियन मुलांवरून, खालच्या डावीकडच्या सात दातांसाठी केलेला. त्या सातांची मुळं सोळाच्या आसपास पूर्ण होतात, मग तक्ता पुढे काय सांगणार? भारतीय मुलांसाठी सुधारलेली सूत्रं आहेत, ती वापरा आणि 'या वयापासून त्या वयापर्यंत' असं लिहा. क्ष-किरणांवरून काढलेलं वय दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 1982 मध्येच, जया माला प्रकरणात, म्हटलंय.

पोलिसांच्या पत्रात वय लिहिलेलं असतं. ते वाचून एक्स-रेची फिल्म बघितली की तेच वय दिसतं. मी पत्र टेबलावर पालथं ठेवतो, फिल्मचं मत लिहून झाल्यावरच सुलटं करतो. सोबतचे हवालदार हसतात, हसू देत.

शाळेचा किंवा दहावीचा दाखला आहे का, नसल्यास महापालिकेचा वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, हे आधी विचारा. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 94 प्रमाणे दोन्ही नसतील तरच आपली पाळी येते.

मोठ्या माणसाचं वय नुसत्या झिजेवरून सांगू नका. मिश्री आणि गुटखा तिशीतले दात पन्नाशीचे करतात.

संमती, दोन ओळखखुणा, अंगठा, आणणाऱ्या पोलिसाचा बक्कल नंबर, फिल्मवर नाव-तारीख: कंटाळा आला तरी लिहा. साक्षीला उभं केल्यावर मला पहिला प्रश्न दाढेवर आलाच नव्हता. वकील म्हणाले, "तुम्ही तपासलेला मुलगा हाच, कशावरून?"