ब्रेक मिळाल्यावर ईएसआयचा बेकारी भत्ता कसा काढायचा

आमच्या पॅकिंग लाइनवर "नोकरी गेली" असं कुणी म्हणत नाही, "ब्रेक दिला" म्हणतात. मला ब्रेक मिळाला तेव्हा कंत्राटदाराच्या माणसानं दोन कागद पुढे केले. एक हिशेबाचा आणि दुसरा छापील राजीनामा, नावापुरती जागा कोरी. "सही करा ताई, हिशेब लवकर निघेल." मी दोन्हींवर केली. पुढची सगळी पायपीट त्या दुसऱ्या सहीची.

तेव्हा पहिलं काम हे, की काढलं असेल तर राजीनाम्यावर सही करू नका. कमी केल्याचं पत्र मागा. ते बहुधा मिळणार नाही. मग "उद्यापासून येऊ नका" हा सुपरवायझरचा मेसेज तरी जपा, तारीख आणि नंबर दिसेल असा प्रिंट काढून. मला शेवटी त्या मेसेजनंच हात दिला.

पगार २१,००० रुपयांच्या आत असेल तर दर महिन्याला तुमचे ०.७५ टक्के ईएसआयला, म्हणजे कामगार राज्य विम्याला, जातात, कंपनीचे ३.२५. दवाखान्यासाठी कापतात एवढंच आपल्याला ठाऊक असतं. पण त्यातच २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. सरासरी रोजाच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. योजना मुदतीची आहे आणि मुदत वाढवत नेतात, म्हणून आधी ईएसआयच्या शाखेत चालू मुदत विचारून घ्या. अर्ज बेकारीचे ३० दिवस झाल्यावर करायचा, ईएसआयच्या पोर्टलवर, स्वतः. कंपनीच्या शिक्क्यासाठी गेटवर उभं राहायला नको. आधार आणि बँक खातं जोडलेलं हवं, दोन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच. (माझ्या पासबुकात माहेरचं आडनाव होतं. एक फेरी तिथेच गेली.)

अटी नीट वाचा. नोकरी जाण्याआधीची किमान दोन वर्षं विम्यात हवीत. वर्गणीचे काळ सहा-सहा महिन्यांचे, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. बेकारीच्या लगेच आधीच्या काळात किमान ७८ दिवस भरलेले हवेत, आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन काळांपैकी एकात आणखी ७८. इथं कंत्राटी माणूस अडकतो, कारण कंत्राटदार बदलला की नवा कंत्राटदार बिनधास्त नवा विमा क्रमांक काढतो आणि तुमची दोन वर्षं दोन नंबरांत वाटली जातात. नव्या ठिकाणी जुनाच नंबर द्या.

रक्कम काढताना चार काळांची एकूण कमाई ७३० नं भागतात. हजेरीच्या दिवसांनी नव्हे. पगार १८,००० आणि खाडे नाहीत, तर रोज साधारण ५९२ पडतो, निम्मा २९६. नव्वद दिवसांचे सुमारे २६,६०० रुपये. बिनपगारी सुट्ट्या असतील तर आकडा खाली येतो, म्हणून आधीच हिशेब मांडून बघा.

आता माझा घोळ. शाखेतल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझ्या नावापुढे शून्य दिवस आणि कारणाच्या रकान्यात 'लेफ्ट सर्व्हिस', म्हणजे मी आपणहून सोडली. त्याच यादीत 'रिट्रेंचमेंट' (कामगार कपात) असतं, 'नो वर्क' (काम नाही) असतं. कंत्राटदाराकडचा भरणारा पहिलं दिसेल ते टिचकवून मोकळा होतो. गैरवर्तनावरून काढलेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला हा भत्ता नाही, त्यामुळे कारण काय लिहिलंय ते अर्जाआधीच तपासा. मी साध्या कागदावर हकीकत लिहिली, मेसेजचा प्रिंट जोडला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. तीन फेऱ्यांनी पैसे आले.

कंपनीच बंद पडली किंवा कायद्याप्रमाणे कामगार कपात झाली असेल तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचंही विचारा. तिचा भत्ता दोन वर्षांपर्यंत चालतो, पण तिथं तर कारणावरच सगळं अडतं.

पीएफमध्ये कंपनीनं सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) पोर्टलवर आधारच्या ओटीपीनं ती स्वतः टाकता येते.

आणि ईएसआयचं कार्ड लगेच कपाटात टाकू नका. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ७८ दिवस भरले असतील तर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत दवाखाना चालू राहतो. आईच्या शुगरच्या गोळ्या मी तिथूनच आणत होते.