मुंबई–न्यूयॉर्क फ्लाइट: अंतर आणि वेळेच्या हिशोबात या चुका टाळा

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण 12,500 किमी, विमानाचा स्पीड ताशी 900, म्हणजे झाले 14 तास, असा हिशोब बरेच जण करतात आणि मग तिकिटावर 16 तास किंवा जास्त दिसले की गोंधळतात. पण हे अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावरची सगळ्यात छोटी रेघ, ती स्वीडन, आइसलँडवरून जाते, आणि विमान तंतोतंत त्या रेघेवरून जाईलच असं नाही. अमेरिकन कंपन्या 2022 पासून रशियावरून जात नाहीत, एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली तेव्हा त्यांनाही लांबून जावं लागलं. शिवाय तिकिटावरच्या वेळेत रनवेपर्यंत जाणं-येणंही धरलेलं असतं. येताना मात्र वेळ बहुतेक कमी लागतो, कारण वरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात.

दुसरी चूक, पोचायच्या वेळेतून निघायची वेळ वजा करणं. हिवाळ्यात रात्री दीडला मुंबईहून निघालात आणि तिकडे त्याच तारखेला सकाळी सातला उतरलात तर साडेपाच नाही, 16 तास झालेत, कारण न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. उन्हाळ्यात हा फरक साडेनऊ तास होतो. तिकडची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात, त्यामुळे त्या दिवसांत एअरपोर्टवर घ्यायला जाणाऱ्याला वेळ सांगताना नेहमी तिकडचीच सांगा. दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत लिहून काढा आणि मग वजाबाकी करा, हा साधा उपाय कधीच फसत नाही.

सगळ्यात महाग चूक तारखेची, आणि पहिल्यांदाच जाणाऱ्या आईबाबांसाठी तर हे मी परत परत सांगते. तिकिटावर 15 तारीख आणि वेळ 00:40 असेल तर विमान 14 च्या रात्री बारा वाजून गेल्यावर निघतं, 15 च्या रात्री नाही! तीन-चार तास आधी पोचायचं म्हणजे 14 ला रात्री नऊला एअरपोर्टवर, आणि पुण्याहून येणार असाल तर दुपारी चारच्या आत घर सोडा, एक्सप्रेसवेचा काही भरवसा नाही. गाडी बुक करताना पण 14 च टाका. परतीच्या तिकिटावर वेळेशेजारी +1 दिसलं तर दुसऱ्या दिवशी पोचणार.

शेवटचं कनेक्शनचं. अमेरिकेत आधी दुसऱ्या शहरात उतरून पुढचं विमान असेल तर सहसा तिथेच इमिग्रेशन, बॅगा उचलणं, कस्टम्स, परत बॅगा देणं हे सगळं करावं लागतं, त्यामुळे दीड तासाचं कनेक्शन घेऊच नका, तीन तास तरी ठेवा. अबू धाबीहून जाणाऱ्यांचं अमेरिकन इमिग्रेशन तिथेच होतं, म्हणून तो जास्तीचा वेळ तिकडच्या थांब्यात धरा.