प्रोस्टेटचा शेक घ्यायला येताना लघवीची पिशवी कशी भरावी

गडहिंग्लजकडचे एक आबा पहिल्या दिवशी टेबलावर झोपेपर्यंत गप्प होते. मी जेलीची बाटली हातात घेतली तसे म्हणाले, "पोरी, सोनोग्राफी बायकांची असती की." त्यांचं काही चुकलं नव्हतं. कोल्हापुरात सोनोग्राफी म्हटलं की लोकांना गरोदर बाई आठवते, नाहीतर लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना गर्भलिंग तपासणी रोखायला मशीनना बसवलेले 'सायलेंट ऑब्झर्व्हर' आठवतात. पण त्याच ध्वनिलहरी पुरुषाची प्रोस्टेटही दाखवतात, आणि किरणं नेमकी कुठे सोडायची हे आम्ही रोज त्यावरून ठरवतो.

मी चौदा वर्षं रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे, म्हणजे कॅन्सरच्या गाठीवर किरणं सोडायचं मशीन चालवते. आमच्याकडे येणारे लोक रेडिओथेरपी म्हणत नाहीत, 'शेक' म्हणतात, काही जण 'लाइट'. मीही शेकच म्हणते. हे लिहितेय ते पेशंटसाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्याबरोबर येणाऱ्या मुला-सुनांसाठी, कारण पाण्याचं घड्याळ शेवटी तेच सांभाळतात.

आधी एवढं समजून घ्या. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्या वर लघवीची पिशवी, मागे गुदाशय. ही दोन्ही शेजारघरं दिवसभर भरतात आणि रिकामी होतात, त्यामुळे ग्रंथी मधल्या मध्ये सरकते. कधी दोन-तीन मिलिमीटर, कधी सेंटीमीटरभर. नेम धरायला पोटाच्या कातडीवर केलेल्या खुणा मात्र जागच्या हलत नाहीत. म्हणजे बाहेरून सगळं बरोबर दिसतं आणि आत ग्रंथी दुसरीकडेच असते. किरणांचा घेर ग्रंथीभोवती पाच-सात मिलिमीटरच जास्त ठेवलेला असतो. त्यापलीकडे गेलं तर एका बाजूला गाठ सुटते आणि दुसऱ्या बाजूला गुदाशय भाजतो. पूर्वी ७८ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) ३९ दिवसांत विभागून देत, आता बऱ्याच जणांना ६० ग्रे २० दिवसांत देतात. दिवस कमी झाले तसा एकेका दिवसाचा वाटा वाढला. म्हणून रोज आधी बघायचं, मग शेक.

आता पाणी. ग्रंथीच्या पुढे जांघेचं हाड, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी हाताला लागतं ते, आडवं येतं. सोनोग्राफीची लहर हाडातून जात नाही, हवेतूनही जात नाही, पाण्यातून मात्र सरळ जाते. भरलेली पिशवी ही आमची खिडकी. ती रिकामी असेल तर पडद्यावर नुसतं करडं धुकं दिसतं. शिवाय भरलेली पिशवी आतड्यांना वर ढकलते, ती किरणांच्या वाटेतून बाजूला होतात.

दवाखान्यात पोचलात की आधी लघवी करून पिशवी पूर्ण रिकामी करा. घड्याळ बघा. मग दोन ग्लास पाणी, म्हणजे ४०० ते ५०० मिली, दहा मिनिटांत प्या आणि पाऊण ते एक तास थांबा. तुमच्या दवाखान्याने वेगळं माप सांगितलं असेल तर तेच धरा. पण जे माप पहिल्या सीटी स्कॅनच्या दिवशी होतं तेच शेवटच्या दिवसापर्यंत ठेवा, कारण किरणं कुठे सोडायची याचा सगळा नकाशा त्या दिवशीच्या पिशवीवर बेतलेला आहे. घरच्या तांब्याने मोजू नका, एक बाटली ठरवून घ्या आणि तिच्यावर पेनने रेघ मारा.

बाहेरगावच्या लोकांची चूक ठरलेली. राधानगरीकडून, गगनबावड्याकडून एसटीने निघताना घरीच पाणी पिऊन निघतात. वाटेत गाडी थांबते, उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात, आणि माणूस आमच्याकडे पोचतो तेव्हा त्याला कळ सोसवत नसते. अशी तुडुंब पिशवीही उपयोगाची नाही. माणूस थरथरतो, मांड्या आवळतो आणि ग्रंथी नकाशापेक्षा खाली दिसते. पाणी इथे येऊनच प्या.

आणखी एक गोष्ट लोक सांगायला विसरतात: बीपीची पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवणारी. सकाळी ती घेतली की दोन ग्लासांचे चार होतात. ती केव्हा घ्यायची हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारा. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती पाणी प्यायचं हेही त्यांनीच ठरवायचं, मी नाही.

गुदाशयाचं उलटं आहे, तो रिकामा हवा. त्यात वायू साठला की ग्रंथी पुढे ढकलली जाते, आणि शेक चालू असतानाही हलते. सकाळी पोट साफ करूनच निघा. या दिवसांत पावटा, वाटाणा, कोबी, हरभरा नको. मिसळ नको, हे सांगताना मला दरवेळी वाईट वाटतं, पण त्या कटात मटकीही असते आणि तिखटही. गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन येणारे बरेच असतात. काहींना दुधाने पोट फुगतं, आणि उपचारात कच्चं दूध तसंही टाळावं. घरी उकळलेलं थोडं घेऊन बघा, सोसलं तर घ्या. एरंडेल, चूर्ण, इसबगोल स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

कपडे ढगळ. लेंगा किंवा धोतर उत्तम, बेल्ट-चेनची पँट नको. मी बाई आहे म्हणून काही आजोबा अवघडतात. पोटाच्या तळापर्यंतच कपडा खाली घ्यावा लागतो, बाकी चादर असते. संकोच वाटत असेल तर आधी सांगा, माझा पुरुष सहकारी येतो. त्यात मला काही वाटत नाही. खुणांसाठी शाईचे बारीक ठिपके टोचलेले असतात. एका आजीने ते बघितले आणि आपल्या हातावरचं गोंदण पुढे करून म्हणाल्या, "ह्येंचं आता माझ्यागतच झालं." खरंच ते गोंदणच आहे. ते जात नाही, पण पेनच्या खुणा जातात, तिथे अंग घासू नका.

टेबलावर पाठीवर झोपायचं, गुडघ्यांखाली आधार, हात छातीवर. भिंतीवरच्या लेझरच्या रेघा ठिपक्यांवर जुळवल्या की मी जेली लावते आणि प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा हातात धरायचा दांडा, जांघेच्या हाडाच्या जरा वर टेकवून पायांच्या दिशेने कलता करते. छतावरचा कॅमेरा प्रोबवरच्या खुणा बघत असतो, म्हणून खोलीत प्रोब नेमका कुठे आहे हे मशीनला कळतं. पडद्यावर पिशवी काळी दिसते आणि तिच्या बुडाशी ग्रंथी करडी. नकाशातली ग्रंथीची रेघ त्यावर येते. दोन्हींत जेवढा फरक असेल तेवढं टेबल सरकवायचं: वर-खाली, डावी-उजवी, डोक्याकडे-पायाकडे. त्या सोनोग्राफीत किरणं नसतात, ती रोज केली तरी काही अपाय नाही. मग आम्ही बाहेर जातो, दार बंद होतं, आणि बहुतेकांचा शेक दोन-चार मिनिटांत होतो.

या कामात नव्याने आलेल्या मुलामुलींना एकच कळकळीने सांगते, हात हलका ठेवा. माझ्या दुसऱ्या वर्षी एक सडपातळ शेतकरी होते. चित्र नीट येईना म्हणून मी प्रोब दाबला. चित्र सुरेख आलं. ग्रंथी मागे सहा मिलिमीटर सरकलेली दिसली आणि मी तेवढं टेबल हलवायला निघाले. किरणांचा हिशेब बघणाऱ्या आमच्या फिजिसिस्ट मॅडमनी थांबवलं, त्याच टेबलावर सीटी घेतला. ग्रंथी जागच्या जागी होती. ती मीच दाबून मागे ढकलली होती. प्रोब उचलला की ती परत येणार आणि शेक चुकीच्या जागी पडणार. तेव्हापासून मी आधी जेली जास्त घेते, मग चित्र शोधते. चित्र आलं नाही तर दाबत नाही, पेशंटला उठवून आणखी वीस मिनिटं बसवते. आणि टेबल सेंटीमीटरभर हलवा असं उत्तर आलं की पुन्हा पहिल्यापासून बघते.

सगळीकडे हीच पद्धत नाही. काही मशीनमध्ये प्रोब दोन्ही पायांच्या मध्ये टेकवून ठेवतात, तो शेक चालू असतानाही ग्रंथीवर नजर ठेवतो. बऱ्याच ठिकाणी त्या टेबलावरच सीटी घेतात, किंवा ग्रंथीत सोन्याचे तीन बारीक कण बसवून त्यांच्यावर नेम धरतात; ते कण बसवतानाही गुदाशयातून सोनोग्राफी लागतेच. तुमच्याकडे काय करतात ते विचारा. पाण्याचा आणि पोटाचा नियम बहुतेक ठिकाणी जवळपास हाच असतो.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर लघवीला जळजळ सुरू होते, पिशवी धरवत नाही. तेव्हा माणसं गुपचूप एकच ग्लास पितात आणि दोन प्यायलो म्हणून सांगतात. पडद्यावर मला ते दिसतंच, पण तोवर अर्धा तास गेलेला असतो. खरं सांगा. डॉक्टर औषध देतात, माप बदलायचं असेल तर नकाशाही तपासून घेतात. लघवी अडली, लाल झाली किंवा ताप आला तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, त्याच क्षणी फोन करा.

मशीन मध्येच बंद पडतं, तसंही होतं. पाणी पिऊन तास झाला आणि नंबर लागला नाही, तर कळ दाबून बाकावर बसून राहू नका. दार वाजवा. लघवी करून या, पुन्हा घड्याळ बघा, पुन्हा दोन ग्लास. तुमचा नंबर मागे जाणार नाही, ते मी वहीत लिहून ठेवते.