होल्टर लावायला येण्याआधी

होल्टर म्हणजे छातीला लावून दिवस-रात्र ठोक्यांचा आलेख नोंदवणारं छोटं यंत्र. ते लावायला येताना सकाळची गोळी घेऊनच या. “तपासणी आहे म्हणून घेतली नाही” म्हणणारं कुणी ना कुणी दर आठवड्याला भेटतंच. अहो, ठोके कमी करणारी गोळी किती तास पुरते तेच तर बघायचंय! शिवाय मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल अशा या गोळ्या मनानेच एकदम सोडल्या तर ठोके उसळतात, छातीत दुखू शकतं. थांबवायची ती डॉक्टरांनी सांगितली तरच.

गोळ्यांचं पाकीट सोबत असू द्या, नुसतं नाव पुरत नाही. साधी मेटोप्रोलॉल बहुधा दिवसातून दोनदा असते, हळूहळू विरघळणारी एकदाच (ती कुटून घेऊ नका). अ‍ॅटेनोलॉल 6-7 तासांत रक्तात निम्मी उरते, पण ठोक्यांवरचा तिचा अंमल 24 तासांपर्यंत चालतो. म्हणून रक्तापेक्षा ठोके मोजलेले बरे.

आंघोळ उरकून या, यंत्र उतरेपर्यंत पुन्हा नाही. छातीला तेल, पावडर, बाम नको. कपडे सैल, पुढून उघडणारे.

वही-पेन आणा. गोळीची वेळ “नाश्त्यानंतर” अशी नको, घड्याळात बघून “8.40” अशी लिहा. चहा, जिना, झोप, घरातली वादावादी, सगळं वेळेसकट. वादावादी लिहायला लोक लाजतात, पण आलेखात ती दिसतेच.

आणि यंत्र लावलंय म्हणून दिवसभर खाटेवर पडून राहू नका. स्वस्थ बसलेल्याचे ठोके तसेही कमीच. गोळीचा जोर कळतो तो जिन्यावर. डॉक्टरांची हरकत नसेल, तर रोजचाच जिना गोळीनंतर दोन-तीन तासांनी चढा आणि तोच, त्याच चालीने, दुसऱ्या दिवशीच्या गोळीआधी. दुसऱ्या खेपेला ठोके बरेच जास्त चढले, तर अंमल ओसरत आला असं समजायला जागा आहे. रात्री आकडा 50 दिसला तरी त्याचं सगळं श्रेय गोळीला देऊ नका, झोपेत ठोके उतरतातच. म्हणूनच यंत्र पहाटे घाईने काढू नका. गोळीआधीचा तो शेवटचा तास हातचा गेला, तर पुन्हा सगळं करावं लागतं.

चक्कर किंवा अंधारी आली तर बटण दाबा, वेळ लिहा. शुद्ध हरपली किंवा छातीत दुखलं, तर मात्र वही राहू द्या, थेट दवाखाना गाठा.