घरच्या लारेसपासून सुरुवात: प्राचीन रोमन उपासना आज कशी करावी

इ.स. ३९२च्या नोव्हेंबर महिन्यात सम्राट थिओडोशियसने काढलेल्या फर्मानाने जुन्या रोमन देवांची पूजा घराच्या चार भिंतींआडही गुन्हा ठरवली. घरच्या देवतांना, म्हणजे लारेसना अग्नी, गेनियुसला वाइन आणि पेनातेसना सुगंध अर्पण करू नये, दिवे लावू नयेत, धूप जाळू नये, माळा टांगू नयेत, असे त्यात एकेक गोष्ट नाव घेऊन सांगितले आहे. बंदी घालणाऱ्याने नकळत घरगुती उपासनेची यादीच लिहून ठेवली, आणि आज ज्यांना हे आचरण पुन्हा सुरू करायचे आहे त्यांच्यासाठी तीच उत्तम सुरुवात आहे.

या विषयाकडे वळणारे बरेच जण रोमन सैनिकाचे चिलखत, टोगा (अंगाभोवती गुंडाळायचे रोमन वस्त्र) किंवा भारदस्त लॅटिन नाव यांच्या ओढीने येतात. त्यात गैर काही नाही, पण उपासना करायची असेल तर या गोष्टी थोड्या मागे ठेवाव्यात. रोमच्या सार्वजनिक धर्माला निवडून आलेले अधिकारी, पुरोहितांची मंडळे, देवळे आणि सरकारी तिजोरी लागत असे; यांतले आज काहीच उरलेले नाही. घरचा धर्म मात्र कुटुंबप्रमुख स्वतः चालवीत असे आणि त्यासाठी पुरोहित बोलवावा लागत नसे. शिवाय माणसाच्या मनात श्रद्धा किती आहे यापेक्षा ठरलेले कर्म ठरलेल्या वेळी नीट पार पडले की नाही, याकडे रोमन लोकांचे लक्ष अधिक असे. त्यामुळे देवांच्या अस्तित्वाबद्दल ज्यांचे मत अजून ठरलेले नाही, त्यांनाही या आचरणात शिरता येते.

सुरुवातीलाच एक वही करावी आणि तिच्या पानांवर मधोमध रेघ मारावी. जे प्राचीन ग्रंथांत, शिलालेखांत किंवा भित्तिचित्रांत सापडते ते डावीकडे लिहावे. आजच्या उपासकांनी किंवा आपण स्वतः घातलेली भर उजवीकडे लिहावी. भर घालावीच लागते, कारण रोमन कवी ओव्हिडच्या पंचांगकाव्याचे जानेवारी ते जून हे सहाच महिने आपल्यापर्यंत आले आहेत आणि घरातल्या पूजेचा संपूर्ण विधी सलग असा कुठेच लिहिलेला नाही. भर घालण्यात कमीपणा नाही. तीच भर पुढे दोन हजार वर्षांची परंपरा म्हणून सांगितली जाते, तेव्हा घोटाळा होतो.

आता जागा. लारारियम, म्हणजे घरातला देव्हारा, ज्वालामुखीच्या राखेत गाडलेल्या पॉम्पेई शहरात कधी स्वयंपाकघरात तर कधी घराच्या दर्शनी चौकात सापडतो. कुठे तो भिंतीतला कोनाडा आहे, कुठे छोट्या देवळाच्या आकाराचे बांधकाम, तर कुठे नुसतेच रंगवलेले चित्र. तेथील वेट्टी बंधूंच्या घरातले चित्र निवांतपणे पाहावे. मध्ये डोक्यावरून टोगा घेतलेला गेनियुस उभा आहे, त्याच्या एका हातात पातेरा नावाची उथळ थाळी आणि दुसऱ्यात धुपाची डबी आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना आखूड अंगरखे घातलेले, नाचत्या पावलांचे दोन लारेस शिंगाच्या आकाराचे पेले उंच धरून आहेत, आणि खाली एक मोठा साप वेदीकडे सरपटत निघाला आहे. गेनियुस ही कुटुंबप्रमुखाची जीवनशक्ती. स्त्रीच्या अशा शक्तीला तिची ज्युनो म्हणत. लारेस घराचे आणि जागेचे राखणदार, पेनातेस कोठीचे, आणि चुलीतला जाळ म्हणजे व्हेस्टा.

एखादी फळी किंवा कपाटाचा वरचा कप्पा एवढी जागा पुरते. मूर्ती नसतील तर याच चित्राची छापील प्रत लावावी. पॉम्पेईतल्या कित्येक घरांत तरी चित्राखेरीज दुसरे काय होते? समोर तेलाचा दिवा, वाळू भरलेले धुपाचे भांडे, मिठाची वाटी आणि एक उथळ, बिनमुठीची थाळी ठेवावी. ही भांडी जेवणाला वापरू नयेत. उघड्या ज्योतीजवळ पडदा किंवा कागद येऊ देऊ नये, आणि धुराचा इशारा देणारे यंत्र खोलीत असेल तर धुपाच्या एका खड्यावर भागवावे.

रोजचा विधी छोटा असावा. सकाळी हात धुवावेत आणि शाल किंवा उपरण्याने डोके झाकावे, कारण रोमन पद्धतीत देवासमोर डोके झाकलेले असते; सॅटर्नला आणि रोममधल्या महावेदीवरच्या हर्क्युलिसला उघड्या डोक्याने केलेली पूजा ही ग्रीक पद्धतीची मानली जाई. दिवा लावावा आणि प्रथम जेनसचे नाव घ्यावे, कारण सगळ्या आरंभांचा मालक तो आहे. त्यानंतर ज्या देवतेला बोलवायचे तिचे नाव घ्यावे, धूप घालावा, वाइनची छोटी धार थाळीत सोडावी आणि शेवटी व्हेस्टाचे स्मरण करावे. उठताना उजवा हात ओठांना लावून स्वतःभोवती वळावे. नमस्काराची ही रीत रोमन लेखक प्लिनीने नोंदवून ठेवली आहे. वाइन चालत नसेल त्यांनी दूध घ्यावे, कारण रोमचा संस्थापक रोम्युलस वाइनऐवजी दुधाचीच धार सोडत असे, हेही प्लिनीच सांगतो. थाळीतले द्रव्य नंतर बाहेर मातीत ओतावे.

शब्द कोणते वापरायचे, या प्रश्नावर नवखे उपासक अडतात. रोमन लेखक थोरल्या केटोच्या शेतीवरील ग्रंथात, इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या खऱ्याखुऱ्या प्रार्थना आहेत. कापणीपूर्वी जेनसला पोळ्यांची चळत अर्पण करताना म्हणायचे वाक्य असे: 'याने पातेर, ते हाक स्त्रूए कोम्मोवेन्दा बोनास प्रेकेस प्रेकोर, उती सिएस वोलेन्स प्रोपितिउस मिही लीबेरीस्क्वे मेईस दोमो फामिलिआयक्वे मेआय.' म्हणजे, 'पिता जेनस, ही चळत अर्पण करून मी तुला सद्भावाने विनवतो की तू माझ्यावर, माझ्या मुलांवर, माझ्या घरावर आणि घरच्या माणसांवर राजी आणि प्रसन्न असावेस.' चळतीऐवजी धूप असेल तर 'हाक स्त्रूए कोम्मोवेन्दा' हे शब्द काढून 'होक तूरे कोम्मोवेन्दो' घालावेत. वाक्याचा सांगाडा केटोचा, बदल आजचा. तो वहीत उजवीकडे जाईल. लॅटिन येत नसेल तर आपल्या भाषेत म्हणावे, पण देवतेचे नाव, आपण काय देत आहोत, काय मागत आहोत आणि कोणासाठी, हे चारही भाग त्यात असावेत. मोघम मागणे रोमन प्रार्थनेच्या स्वभावात बसत नाही. देवतेच्या नावाविषयीच खात्री नसेल तर त्यावरही तोडगा आहे: वनराईत झाडे तोडण्यापूर्वी केटोचा शेतकरी 'तू देव असशील वा देवी' अशी सुरुवात करतो.

चूक झाली तर? शब्द अडखळला, थाळी कलंडली, मध्येच कोणी दार वाजवले. सार्वजनिक विधींत हे टाळण्यासाठी एक जण मजकूर आधी वाचून दाखवी, दुसरा त्यावर लक्ष ठेवी, आणि बाहेरचा आवाज कानी पडू नये म्हणून बासरीवादक वाजवीत राही. घरी एवढा लवाजमा नसतो. पण केटोने शेताच्या शुद्धीविधीच्या शेवटी उपाय दिला आहे: देवाचे समाधान झाले नसेल तर प्रायश्चित्त म्हणून तीच आहुती पुन्हा द्यावी. धुपाचा आणखी एक खडा घालून तसे मोठ्याने म्हणावे आणि विधी पुढे न्यावा. जुन्या विधींत पशुबळी होते, हे लपवण्यात अर्थ नाही. आजचे बहुतेक उपासक मात्र धूप, धान्य, पोळी, दूध आणि वाइन यांवर थांबतात. त्यालाही जुना आधार आहे, कारण रोमचा प्राचीन राजा नुमा याने घालून दिलेले बहुतेक यज्ञ रक्तविरहित होते असे ग्रीक लेखक प्लुटार्क लिहितो.

रोजचे अंगवळणी पडले की महिन्याकडे वळावे. महिन्याचा पहिला दिवस कालेन्दाय हा ज्युनो देवीचा. महिन्याच्या मध्याचा ईदूस हा ज्युपिटरचा, आणि त्याच्या आधी येते ते नोनाय. मार्च, मे, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत नोनाय ७ तारखेला आणि ईदूस १५ तारखेला येते, बाकीच्या महिन्यांत ५ आणि १३ तारखेला. मधले दिवस पुढच्या टप्प्यापासून उलटे मोजतात आणि मोजताना दोन्ही टोके धरतात, म्हणून १० जानेवारी हा ईदूसपूर्व चौथा दिवस होतो, तिसरा नव्हे. केटोच्या शेतावरच्या कारभारणीने रोज निजण्यापूर्वी चूल झाडून स्वच्छ ठेवायची आणि या तीन दिवशी व सणावारी चुलीवर माळ घालून घरच्या लारला ऐपतीप्रमाणे विनवायचे, असा दंडक आहे. महिन्यातून तीन माळा कोणालाही जमतील. या तिन्हींच्या दुसऱ्या दिवशी नवे काम सुरू करणे रोमन लोक टाळत.

वार्षिक सणांपैकी कोणते निवडावे? सॅटर्नालियाची, म्हणजे १७ डिसेंबरच्या सॅटर्नच्या सणाची, सगळ्यांना आधीच हौस असते. माझ्या मते नवख्याने फेब्रुवारीतला पारेन्तालिया हा पितरांचा सण आधी करावा, कारण तो कुटुंबाचा आहे आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. १३ ते २१ फेब्रुवारी या काळात पूर्वजांसाठी मातीच्या कौलावर माळ, थोडे धान्य, चिमूटभर मीठ, वाइनमध्ये भिजवलेली भाकर आणि सुटी व्हायोलेटची फुले ठेवावीत, पितरांना एवढे पुरते, असे ओव्हिड म्हणतो. त्या दिवसांत देवळे बंद असत आणि लग्ने होत नसत. लगेच २२ तारखेला जिवंत नातेवाईक एकत्र जेवत, आपापसातली भांडणे बाजूला ठेवत आणि लारेसना जेवणातला वाटा देत.

मे महिन्यातला लेमुरिया याच्या अगदी उलट आहे. तो अस्वस्थ मृतांना घराबाहेर काढण्याचा विधी आहे. ९, ११ आणि १३ मे या रात्री, सगळे निजल्यावर, घरमालक अनवाणी उठतो, अंगठा बोटांत धरून खूण करतो, वाहत्या पाण्याने हात धुतो आणि काळ्या शेंगबिया मागे न बघता टाकत जातो. 'या बियांनी मी स्वतःला आणि माझ्या माणसांना सोडवून घेतो,' हे वाक्य नऊ वेळा म्हणायचे असते. मग पुन्हा पाणी, काशाच्या भांड्याचा आवाज, आणि 'पितरांनो, बाहेर जा' असे नऊ वेळा; त्यानंतरच मागे वळून पाहायचे. शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार करून भांडे हळू वाजवावे, एवढी भर मला रास्त वाटते.

नैवेद्यासाठी लीबुम करून पाहावा, कारण त्याची कृती केटोने मापासह दिली आहे. दोन रोमन पौंड, म्हणजे साधारण ६५० ग्रॅम, ताजे चीज खलात अगदी बारीक करावे, त्यात एक पौंड, म्हणजे सुमारे ३२५ ग्रॅम, गव्हाचे पीठ मिसळावे. हलका हवा असेल तर बारीक पीठ निम्मेच घ्यावे. एक अंडे घालून मळावे, गोळा पानांवर ठेवावा आणि मातीच्या झाकणाखाली मंद आचेवर भाजावा. ओव्हनमध्ये जाड झाकण असलेले भांडे चालते. पाने कोणती ते केटो सांगत नाही. बरेच जण लॉरेलची घेतात आणि भाजताना त्यांचा वास पोळीत उतरतो. एकट्या माणसाने हे माप चौथाई करावे.

सोबत हवी असेल तर संघटना आहेत. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या नोव्हा रोमात सदस्य लॅटिन नाव घेतात, कॉन्सल (प्राचीन रोममधल्या सर्वोच्च अधिकाऱ्याचे पद) निवडतात आणि वर्षे रोमच्या स्थापनेपासून, म्हणजे इ.स.पू. ७५३ पासून, मोजतात. रोममध्ये ग्रुप्पो स्तोरिको रोमानो ही संस्था २१ एप्रिलला, शहराच्या वाढदिवशी, सर्कस मॅक्सिमस या प्राचीन रथशर्यतींच्या मैदानाच्या परिसरात पोशाखासह सोहळे करते. इतिहास जिवंत करून दाखवणारे आणि देवांची उपासना करणारे हे दोन गट एकमेकांत मिसळलेले असले तरी एक नव्हेत. आपण कोणाकडे जात आहोत ते आधी विचारून घ्यावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गटाचे राजकारण तपासावे. मुसोलिनीच्या राजवटीने १९२३ साली १ मेचा कामगार दिन रद्द करून २१ एप्रिललाच सरकारी सण केले होते, आणि रोमच्या नावाने वंशश्रेष्ठत्व विकणारे आजही भेटतात. ज्या गटात लारेसपेक्षा रक्ताच्या शुद्धतेवर अधिक बोलणे होते, तिथून लगेच निघावे. प्राचीन अवशेषांमध्ये दिवा लावणे किंवा दगडांवर वाइन ओतणेही टाळावे. तिथे डोके झाकून, मोठ्याने न बोलता प्रार्थना करता येते.

नवस बोलण्याची घाई करू नये. रोमन नवस हा करार असतो: अमुक झाले तर मी अमुक देईन, असे देवतेचे नाव घेऊन, वस्तू आणि मुदत ठरवून बोलायचे. बोलल्या दिवशीच तो वहीत लिहावा, आणि मागणे पुरे झाले की ठरलेली वस्तू अर्पण करून त्याखाली व्ही.एस.एल.एम. ही चार अक्षरे घालावीत. 'नवस खुशीने आणि योग्य कारणाने फेडला' या अर्थाची ही खूण ब्रिटनपासून ऱ्हाईनकाठापर्यंत रोमन वेद्यांवर कोरलेली सापडते. मागणे पुरे झाले नाही तर देणे लागत नाही. त्या नोंदीवर फक्त तारीख टाकून रेघ मारावी.