चामड्याच्या पंचांसाठी आर्बर प्रेस

हातोडीने ठसा मारताना हत्यार जरा कललं की चामडं वाया जातं. १ टनी आर्बर प्रेस (हाताच्या लिव्हरने दाब देणारं छोटं यंत्र) हे काम सरळ दाबाने करते, फक्त तिच्या रॅममध्ये, म्हणजे खाली-वर होणाऱ्या भागात, पंच (ठसा मारायचं किंवा भोक पाडायचं हत्यार) धरायची सोय नसते.

रॅम बाहेर काढा आणि लेथवाल्याकडून खालच्या टोकाला बरोबर मध्यावर १० मिमीचं, साधारण २५ मिमी खोल भोक पाडून घ्या. घरी हातड्रिलने पाडू नका. भोक तिरकं गेलं तर प्रत्येक ठसा एका बाजूला खोल उमटेल. मग रॅमच्या बाजूने त्या भोकापर्यंत ५ मिमीचं भोक पाडून एम६चा (६ मिमी स्क्रूचा) टॅप मारून आटे पाडा आणि ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) बसवा. पंचाच्या दांड्याला कानशीने एक सपाट जागा करा, स्क्रू तिथेच टेकला पाहिजे. गोल दांडा फिरतो. बारीक दांड्यांसाठी पितळी बुश (भोकात बसणारी नळी) करून घ्या.

रॅम डगमगत असेल तर त्याला धरणाऱ्या बाजूच्या पट्टीचे स्क्रू आवळा.

चामड्याला भोकं पाडताना खाली जाड नायलॉनचा तुकडा हवाच, लोखंडावर पंचाची धार लगेच मरते. ठशासाठी मात्र खाली पोलादी पाटच ठेवा, आणि चामडं वनस्पतीजन्य कमावलेलं, किंचित ओलसर घ्या. क्रोमने कमावलेल्या चामड्यावर ठसा नीट टिकत नाही.